जड पाण्याचा भाव

पाणी शुद्ध करण्याचं मशीन विकायला दारावर येणाऱ्या माणसाच्या खिशात पेनाएवढं एक यंत्र असतं. टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. "ताई, तुमच्या बोअरचं ग्लासभर पाणी द्या," म्हणत तो त्याचं टोक पाण्यात बुडवतो आणि बारीकशा पडद्यावर आकडे चढू लागतात. चारशे, सहाशे, आठशे. सोलापूरच्या हद्दवाढ भागात, जिथं महापालिकेच्या नळापेक्षा बोअरचाच भरवसा जास्त, तिथं हा आकडा हजाराला टेकला तरी घरातल्या कुणाला नवल वाटत नाही. मग विक्रेता आपल्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या ग्लासात ओततो. आकडा येतो ३५. तो एवढंच म्हणतो, "बघा." पुढचं बोलायची त्याला गरज पडत नाही.

समजा, त्याच ओट्यावर कुणी एव्हियनची बाटली आणून ठेवली. फ्रान्समधल्या आल्प्सच्या पायथ्याचं हे पाणी. विराट कोहली हेच पितो, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात आणि त्यात लिटरचा भाव सहाशे रुपये सांगितलेला असतो. मीटरचं टोक त्यात बुडवलं तर आकडा तीनशेच्या आसपास जाईल. विक्रेत्याच्या फूटपट्टीनं हे पाणी नापास. लेबल वाचलं तर त्याला आणखी धक्का बसेल: लिटरमागे कॅल्शियम ८० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम २६. शाळेतल्या रसायनशास्त्राचा गुणाकार केला की पाण्याची कठीणता तीनशेच्या थोडी वर निघते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, दोनशेपर्यंतची कठीणता स्वीकारार्ह मानतं आणि दुसरी सोयच नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घेतं. म्हणजे जगातलं बहुधा सर्वांत नावाजलेलं महाग पाणी सोलापूरच्या बायका ज्याला 'जड पाणी' म्हणतात त्याच कुळातलं आहे. डाळ शिजायला वेळ लावणारं, साबणाला फेस येऊ न देणारं, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारं.

एका घरात ही खनिजं काढून टाकायला दहा-पंधरा हजारांचं मशीन बसतं. दुसऱ्या घरात तीच खनिजं सोन्याच्या भावानं बाटलीतून परत येतात. आणि हल्ली तर एकाच घरात दोन्ही होतं: मशीन खनिजं काढतं आणि त्याच मशीनला वरून पैसे देऊन 'मिनरल कार्ट्रिज' जोडतात, ती पुन्हा थोडी घालते.

पाण्याची किंमत सोलापूरला नव्यानं शिकवावी लागत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदवलं, ते आजही गावाच्या मधोमध आहे आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा त्याच्याच काठी भरते. इंग्रजांनी अदिला नदीवर एकरुख तलाव बांधला, तो १८७१च्या सुमारास पुरा झाला. गाव त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतं. पुढं १९८० साली भीमेवरचं उजनी धरण उभं राहिलं, एकूण ११७ टीएमसी साठवण, आणि तिथून शंभरावर किलोमीटर नळानं पाणी शहरात येऊ लागलं. एवढं मोठं धरण उशाला असूनही शहरात गेली कित्येक वर्षं नळ तीन, चार, कधी पाच दिवसांआड येतो. समांतर जलवाहिनीच्या चर्चेत एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली. इथं पाण्याला मराठीत पाणी, कानडीत नीरु आणि तेलुगूत नीळ्ळु म्हणतात. पाण्याच्या पाळीच्या दिवशी एकाच गल्लीत तिन्ही शब्द एकदम ऐकू येतात. कोणत्या भागाला कधी पाणी सुटणार हे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्याला विचारावं लागतं. त्याचा मोबाइल नंबर ज्याच्याकडे आहे त्याला गल्लीत मान असतो.

उजनीच्या पाण्याची दुसरी बाजूही सोलापूरकराला पाठ आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. उन्हाळ्यात साठा खाली गेला की पाण्याला हिरवट झाक आणि वास येतो. शुद्धीकरण केंद्रात पाणी स्वच्छ होतं, पण मनातली शंका गाळता येत नाही. पारा ४४ अंशांवर जातो त्या दिवसांत मग गल्लीगल्लीतून छोटा हत्ती टेम्पो फिरतो, पाठीवर निळे जार. वीस लिटरचा थंडगार जार वीस-तीस रुपयांना. यंत्रमागाच्या शेडमध्ये, विडीच्या कारखान्यात, वकिलांच्या ऑफिसात, मयताच्या घरी आणि बारशाला, सगळीकडे तोच जार.

भावाची शिडी इथूनच चढायला सुरुवात होते. जारचं पाणी लिटरला रुपया-दीड रुपया. रेल्वेचं 'रेल नीर' लिटरला १५ रुपये होतं. बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा, २२ सप्टेंबर २०२५पासून, ते १४ झालं. टपरीवरची बाटली वीसच्या आसपास. हिमाचलातल्या सिरमौर जिल्ह्यातून येणारं टाटांचं 'हिमालयन' साठ-सत्तर. गुजरातेतल्या वडोदऱ्याच्या कंपनीचं 'इव्होकस' हे काळं अल्कलाइन पाणी अर्ध्या लिटरला शंभराच्या आसपास, म्हणजे लिटरला दोनशे. पुढं एव्हियन. त्याच्याही पुढं स्वालबार्ड बेटांजवळच्या हिमनगाचा तुकडा वितळवून भरलेली बाटली, पाऊण लिटरला शंभर युरोच्या घरात. आणि शिडीच्या टोकाला २०१० साली मेक्सिकोत लिलावात गेलेली पाऊण लिटरची एक बाटली: किंमत साठ हजार डॉलर. ती बाटली सोन्यानं मढवलेली होती. आत काय होतं हे फारसं कुणी विचारलं नाही.

ह्या शिडीशेजारी सोलापूर जिल्ह्यातून गेलेली एक गाडी उभी करून पाहावी. एप्रिल २०१६मध्ये लातूरच्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर तोडून ती लातूरला पोचली. पुढं वाघिणी पन्नास झाल्या. मे महिन्यात रेल्वेनं सव्वासहा कोटी लिटरच्या आसपास पाण्याच्या वाहतुकीचं सुमारे चार कोटींचं बिल लातूरला पाठवलं, त्याची तेव्हा बरीच ओरड झाली. भागाकार केला तर लिटरला पासष्ट पैसे पडतात. दुष्काळात, खास गाडीनं, आणीबाणीच्या घाईत नेलेल्या पाण्याचा हा खर्च. वीस रुपयांच्या बाटलीत पाण्याचा स्वतःचा वाटा किती आणि प्लॅस्टिक, झाकण, ट्रक, दुकानदाराचं कमिशन आणि जाहिरात यांचा किती, हे ह्यावरून ताडता येतं. दोनशेच्या बाटलीत तर पाणी हे निमित्तमात्र.

आणि तरी लोक दोनशे मोजतात. कारण बाटलीबरोबर एक औषधी आश्वासन येतं, आणि ते आजचं नाही. एव्हियनची कुळकथाच १७८९ साली सुरू होते: एका फ्रेंच उमरावानं तिथल्या झऱ्याचं पाणी रोज प्यायलं आणि मूतखड्याचा त्रास गेला, अशी ती गोष्ट. पुढं १८७८मध्ये तिथल्या वैद्यकीय अकादमीच्या शिफारशीवरून सरकारनं पाणी बाटलीत भरायला परवानगी दिली. बाटलीबंद पाणी युरोपात आधी औषधाच्या दुकानात विकलं गेलं, मग जेवणाच्या टेबलावर आलं.

आपल्याकडचं नावही औषधाच्याच फडताळातून आलेलं आहे. फेलिचे बिसलेरी हा इटलीतला उद्योजक. त्याचं गाजलेलं उत्पादन म्हणजे लोह आणि सिंकोना घातलेलं एक पौष्टिक पेय. त्याचे विश्वासू डॉक्टर रोसी यांनी मुंबईच्या खुशरू सुंतूक यांना बरोबर घेऊन १९६५ साली ठाण्यात पाण्याचा कारखाना काढला. पाणी विकत घ्यायचं म्हणजे काय, असं तेव्हा लोकांना वाटणं साहजिक होतं. गिऱ्हाईक होतं ते पंचतारांकित हॉटेलांचं. १९६९मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो धंदा चार लाख रुपयांना घेतला. म्हणजे आज सोलापूर एसटी स्टँडवर ज्या नावानं कोणत्याही कंपनीची बाटली मागतात, ते बिसलेरीच मुळात चैनीचं पाणी होतं. कालची चैन आज टपरीवर आली म्हणून वरच्या पायरीवर नवी चैन बसवावी लागली, एवढाच हा इतिहास.

कायद्यानं बाटल्यांच्या दोन जाती केल्या आहेत आणि गिऱ्हाईक सहसा त्यांत फरक करत नाही. आयएस १४५४३ हे 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर'चं मानक: कुठलंही पाणी घ्या, गाळा, आरओ करा, हवं तर खनिजं घाला. आयएस १३४२८ हे नैसर्गिक मिनरल वॉटरचं: झऱ्याचं किंवा भूगर्भातलं पाणी उगमापाशीच भरायचं, त्याची मूळ खनिजरचना बदलायची नाही. टपरीवर 'एक मिनरल द्या' म्हटल्यावर हातात येतं ते बहुतेक वेळा पहिल्या जातीचं. गंमत म्हणजे दुसऱ्या जातीच्या पाण्याला, म्हणजे खऱ्या मिनरल वॉटरला, रोग बरा होतो किंवा टळतो असा कोणताही दावा करायची आपल्या नियमांत सक्त मनाई आहे. म्हणून जाहिरातवाले रोगाचं नाव घेत नाहीत. ते 'तजेला', 'संतुलन', 'निसर्गाचा स्पर्श' असं बोलतात, शेजारी योगासन करणारी बाई उभी करतात आणि उरलेलं वाक्य वाचणाऱ्याला पुरं करू देतात.

पहिलं आश्वासन खनिजांचं. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. जड पाणी पिणाऱ्या भागांत हृदयविकारानं मरणाऱ्यांचं प्रमाण कमी दिसतं, हे १९५०च्या दशकापासून अनेक देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आलं आहे, विशेषतः मॅग्नेशियमच्या बाबतीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथच काढला. कठीणतेची आरोग्यासाठीची कमाल मर्यादा मात्र संघटनेनं ठरवलेली नाही, कारण तशी गरज दिसत नाही. 'जड पाण्यानं मूतखडा होतो' हा सोलापुरातला जवळजवळ घटनादत्त समज आहे. त्याला पुरावा तकलादू आहे. कडक उन्हात पाणी कमी पिणं आणि लघवी दाट होणं हे खडा होण्याचं त्याहून कितीतरी भक्कम कारण. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात ह्याचं आश्चर्य वाटायला नको.

प्रश्न खनिजं चांगली की वाईट हा नाही, किती हा आहे. घरच्या भाकरीशीच ताडून पाहू. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्याच वाणातून मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी सगळ्या महाराष्ट्रात पिकते. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात मॅग्नेशियम एकशेतीस मिलिग्रॅमच्या आसपास असतं. एका मध्यम भाकरीला ऐंशी-नव्वद ग्रॅम पीठ लागतं असं धरलं तर एका भाकरीत शंभराच्या वर मॅग्नेशियम आलं. तेवढं मिळवायला एव्हियनच्या चार बाटल्या लागतील, लिटरच्या. भाकरीतलं सगळं अंगी लागत नाही, पाण्यातलं अधिक सहज लागतं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून हिशेब निम्मा करावा: दोन बाटल्या. वर शेंगांची चटणी घेतली तर बाटल्यांची संख्या पुन्हा वाढते. कॅल्शियमचंही तेच. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं, एव्हियनचं लिटर त्यातलं ८० देतं, आणि पेलाभर गायीचं दूध अडीचशेच्या आसपास. कडक भाकरीवर पसरलेले तीळ तर मोजायलाच नकोत.

फिजी वॉटरची गोष्ट सोलापूरकरानं जरूर वाचावी. प्रशांत महासागरातल्या व्हिटी लेव्हू बेटावर ज्वालामुखीच्या खडकांतून झिरपलेलं हे पाणी, त्यात विरघळलेली सिलिका, त्यानं म्हणे त्वचा आणि केस सुधारतात. चौकोनी बाटलीवर जास्वंदीचं फूल. आता सोलापूर कशावर उभं आहे? सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्ह्यावर. दख्खनचा काळा बेसाल्ट, इथली काळी माती त्याचाच चुरा, आणि बोअर जातो तो त्याच्याच भेगांत. सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे सगळं त्या पाण्यात उतरलेलं असतं आणि त्याचा पीएच बहुधा साडेसात ते साडेआठच्या मध्ये. फिजीला 'ज्वालामुखीनं गाळलेलं' म्हणतात, आपण 'मचूळ' म्हणतो. अर्थात म्हणून कुणी बोअरचं पाणी डोळे मिटून पिऊ नये. शेतातला युरिया आणि गटारं यांमुळे नायट्रेट मर्यादेबाहेर गेलेले बोअर असतात, काही ठिकाणी फ्लोराइड असतं, जंतू तर असतातच. आरओचं खरं काम तिथं आहे. ज्या पाण्याचा टीडीएस पाचशेच्या आत आहे तिथं आरओ नकोच, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली म्हटलं, कारण मशीन एक ग्लास शुद्ध करताना दोन-तीन ग्लास मोरीत सोडतं. सोलापुरात ते सोडलेलं पाणी बहुतेक बायका बादलीत धरतात आणि फरशी पुसायला घेतात. लवादाला हे कुणी सांगितलं नसावं.

दुसरं आश्वासन अल्कलाइनचं. ह्याची सध्या चलती आहे, आणि तिन्हींत हेच सर्वांत पोकळ. शरीरातली 'आम्लता' वाढली की रोग होतात, पीएच ८-९चं पाणी ती मोडून काढतं, असा युक्तिवाद. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ ह्या अरुंद पट्ट्यात असतो आणि तो तिथं ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं चोवीस तास, फुकट करतात. पाण्यानं तो हलू लागला तर माणूस बाटली विकत घ्यायच्या अवस्थेत राहणार नाही. शिवाय हे पाणी आधी जठरात जातं, जिथं पीएच दीड ते साडेतीन. पीएचच्या एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात घेतलं की आठ-नऊच्या पाण्याचं तिथं काय होतं हे सांगायला नको. अल्कलाइनच्या बाजूनं नेहमी पुढं केला जाणारा २०१२चा एक अभ्यास आहे: पीएच ८.८च्या पाण्यानं पेप्सिन हे पाचकद्रव्य निष्क्रिय झालं. झालं खरं, पण परीक्षानळीत. आणि नुसता पीएचच हवा असेल तर माठात चिमूटभर खायचा सोडा टाकला तरी तो आठाच्या वर जातो. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मात्र हा प्रयोग करू नये, सोड्यात सोडियम असतं. ज्या एव्हियनला पाण्याचा राजा मानतात तिच्या लेबलावर पीएच किती लिहिला आहे? ७.२. जवळपास उदासीन.

पोकळ दावा नेहमीच निरुपद्रवी असतो असंही नाही. अमेरिकेत लास व्हेगासमध्ये 'रिअल वॉटर' नावाचं अल्कलाइन पाणी घरपोच मिळत असे. मूळ पाणी नळाचंच, त्यावर कारखान्यात प्रक्रिया. २०२०च्या अखेरीस तिथल्या पाच मुलांची यकृतं अचानक निकामी व्हायला लागली, ती सगळी ह्याच पाण्यावर होती. पुढच्या वर्षी सरकारी तपास झाला, पाणी बाजारातून उठवलं गेलं. त्यात हायड्रॅझिन सापडलं, जे रॉकेटच्या इंधनात वापरतात. भरपाईचे निकाल अब्जावधी डॉलरपर्यंत गेले. कंपनीनं ते पाणी आरोग्यासाठी म्हणूनच विकलं होतं.

तिसरं आश्वासन शुद्धतेचं, 'मानवी स्पर्श न झालेलं' वगैरे. पेरिएची कथा त्यासाठी पुरेशी आहे. १९९० साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेला ह्या फ्रेंच पाण्यात बेंझिन सापडलं आणि सोळा कोटी बाटल्या जगभरातून परत घ्याव्या लागल्या. चौतीस वर्षांनी, २०२४मध्ये, त्याच ब्रँडच्या मालकांनी, नेस्लेनं, कबूल केलं की फ्रान्समधल्या आपल्या काही 'नैसर्गिक' पाण्यांवर अतिनील किरण आणि कोळशाचे फिल्टर वापरले जात होते. नैसर्गिक मिनरल वॉटरला तिथं त्याची मुभा नाही. वीस लाख युरो भरून फौजदारी खटला मिटवण्यात आला. फिजी वॉटरनं २००६ साली जाहिरात केली की आमच्या बाटलीवर फिजी लिहिलंय कारण हे पाणी क्लीव्हलँडचं नाही. चिडलेल्या क्लीव्हलँड शहरानं दोन्ही पाणी तपासून घेतलं आणि फिजीच्या बाटलीत लिटरला सहा मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक निघाल्याचं जाहीर केलं. मर्यादा दहाची, त्यामुळे घाबरण्यासारखं नव्हतं. पण ज्याची टिंगल केली ते नळाचं पाणी त्यातून साफ सुटलं.

आपल्याकडे फेब्रुवारी २००३मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं दिल्ली-मुंबईच्या बाजारातलं बाटलीबंद पाणी तपासून कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले. मोठमोठी नावं त्यात होती. त्या गदारोळानंतर मानकं कडक झाली, हे त्या अहवालाचं श्रेय. ह्या सगळ्यात बाटली स्वतः काय मिसळते हा प्रश्न अलीकडचा: जानेवारी २०२४मध्ये अमेरिकी संशोधकांनी बाटलीबंद पाण्यात लिटरला सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लॅस्टिककण मोजले, बहुतेक सूक्ष्मातिसूक्ष्म. त्यांचं शरीरात पुढं काय होतं याचं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. उन्हात तापलेल्या टेम्पोतून येणारी बाटली आणि वातानुकूलित दुकानातली काळी बाटली, दोन्ही प्लॅस्टिकच्याच.

मग माणूस किंमत मोजतो ती चवीची? न्यूयॉर्कमध्ये २००१ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात डोळे बांधून चव घ्यायला लावली, तेव्हा शहराचं नळाचं पाणी पहिलं आलं आणि एव्हियन शेवटी. २००८मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन दोन किमती सांगून लोकांना पाजली. महाग म्हणून सांगितलेली लोकांना जास्त आवडली, एवढंच नव्हे तर मेंदूतला सुखाचा भागही जास्त उजळला. म्हणजे सुख खोटं नव्हतं. ते किमतीतून आलं होतं.

हे सुख आपल्याला परकं नाही. टपाल खात्यानं २०१६पासून गंगाजल विकायला काढलं, तेव्हा गंगोत्रीच्या पाण्याचा भाव दोनशे मिलिलिटरला २५ रुपये आणि ऋषिकेशच्या पाण्याचा १५. लिटरचा हिशेब केला तर गंगोत्री सव्वाशे रुपये पडत होती आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण घेणाऱ्याला आपण काय घेतो हे नेमकं ठाऊक असतं. ते पाणी टीडीएस मीटरनं मोजायचं नसतं. पंढरपुरातून वारकरी चंद्रभागेचं पाणी बाटलीत घेऊन येतो तेव्हा त्याला त्या पाण्याची आजची अवस्था दिसत नाही असं नाही. काशीहून रामेश्वराला निघालेल्या कावडीतलं गंगाजल एकनाथांनी तहानेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट तर प्रत्येकाला पाठ. चैनीच्या पाण्याचा दोष हा नाही की ते महाग आहे. श्रद्धेचा माल ते शास्त्राच्या पाकिटात घालून विकतं.

सोलापुरातल्या कोणत्याही मंगल कार्यालयात पंगत उठल्यावर टेबलं पाहावीत. दोनशे मिलिलिटरच्या बाटल्या, लेबलावर नवरा-नवरीची नावं आणि लग्नाची तारीख, वर अक्षतांच्या आकाराचं काहीतरी छापलेलं. निम्म्या बाटल्या निम्म्याच प्यायलेल्या. वाढपी पोरं त्या उरलेल्या पाण्यासकट पोत्यात भरतात. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात. पूर्वी पंगतीत तांब्या घेऊन फिरणारा एक काका असायचा, 'पाणी घ्या, पाणी' म्हणत. हॉटेलात बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले तर चालेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७मध्ये दिला, कारण तिथं गिऱ्हाईक नुसतं पाणी नव्हे तर बसायची जागा आणि सेवाही विकत घेतं. कायद्याच्या दृष्टीनं ठीक असेल. पण त्याच हॉटेलात साधं पाणी मागायला संकोच वाटतो आणि वेटर 'रेग्युलर की बिसलेरी?' असं विचारतो तेव्हा 'रेग्युलर' म्हणताना आवाज आपोआप खाली येतो, ही सेवा बिलात कुठं दिसत नाही.

ह्या सगळ्या चर्चेत निळा जार मात्र निसटतो. दोनशे रुपयांच्या बाटलीवर लेबल आहे, परवाना क्रमांक आहे, बॅच आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४मध्ये बाटलीबंद पाण्याची बीआयएस प्रमाणपत्राची सक्ती काढली आणि नोव्हेंबरात त्याला 'उच्च जोखीम' गटात टाकून वार्षिक तपासणीखाली आणलं. जार ह्या कशातच बसत नाही. तो सीलबंद नाही, त्यावर लेबल नाही, म्हणून तो 'पॅकेज्ड' नाही, म्हणून त्याला बाटलीचे नियम लागत नाहीत. तो थंड आहे, एवढीच त्याची गुणवत्ता. बोअरचं पाणी, एक आरओ, एक चिलर आणि एक छोटा हत्ती एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहतो. काही जण तो मनापासून नीट करतात, टाक्या धुतात, पाणी तपासून घेतात. काही करत नाहीत. गिऱ्हाईकाला दोघांतला फरक कळायची काहीच सोय नाही. ज्याला काळ्या बाटलीनं फसवलं त्याचे दोनशे रुपये गेले. जारनं फसवलं तर कावीळ किंवा हगवण होते, आणि होते ती हातावर पोट असलेल्याला. चैनीच्या पाण्यावर लेख लिहिले जातात, जारवर पालिकेच्या सभेत उन्हाळ्यात एकदा प्रश्न विचारला जातो.

आणि नळ? नळाच्या पाण्यात एक गोष्ट असते जी ना एव्हियनमध्ये आहे ना जारमध्ये: शिल्लक क्लोरीन, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. वाटेत जंतू शिरले तर त्यांना मारायला ठेवलेला पहारेकरी. अडचण अशी की नळ चार दिवसांआड आला की मधल्या काळात जलवाहिनी रिकामी पडते, फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि पहारेकऱ्यावर ताण येतो. घरात भरून ठेवलेल्या पिंपातून क्लोरीन दुसऱ्या दिवशी उडून जातं आणि चौथ्या दिवशी त्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या वळवळायला लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा, असं आरोग्य खातं सांगतं. पाणी परत कधी येईल हे माहीत नसलेली बाई भरलेलं पिंप ओतून देत नाही.

पाळीच्या रात्री दीड-दोनला नळ आधी फुसफुसतो. पहिली बादली पिवळसर, ती मोरीत. दुसरी जरा बरी, ती भांड्यांना. तिसरीपासून पिण्याचं, चार पदरी सुती कापड बांधलेल्या घागरीत. कधीतरी पालिकेचा माणूस त्याच वेळी वॉर्डात फिरत असतो, हातात बोटाएवढी काचेची नळी आणि क्लोरीन तपासायच्या 'ओटी' द्रावाची छोटी बाटली. नळाखाली नळी भरतो, दोन-चार थेंब टाकतो, हलवतो आणि रस्त्यावरच्या दिव्याकडे धरून पाहतो. पाणी फिकट पिवळं झालं तर वहीत आकडा लिहितो आणि पुढच्या दाराकडे जातो.